शिंपल्यांना एरंडेल

सोनाळ्याच्या स्टँडवर एसटी उभी होती, ड्रायव्हर चहा पीत होता आणि माझा बाप मला शेवटचं ज्ञान देत होता. "पुन्यात मले-तुले करू नको. लोक हासतात." आयुष्यात पुणं न बघितलेल्या माणसाला पुण्याबद्दल एवढंच ठाऊक होतं, आणि तेवढं अगदी खरं निघालं.  मायच्या काखेत पत्र्याचा एक डबा होता आणि गाडी सुटेपर्यंत तो तिनं माझ्या हाती दिला नाही. गाडी हलली तेव्हा खिडकीतून आत ढकलला आणि म्हणाली, "उन्ह दाखवत जाजो त्याले." पोरगी घर सोडून नोकरीला चाललेली आणि आईला काळजी डब्याची. वरवट बकाल येईपर्यंत मी रडले, ते बरंचसं रागानं. शेगावला रेल्वेत बसल्यावर डबा उघडला, तर आत फणोल्या होत्या आणि वर कडुलिंबाचा वाळका पाला.

फणोल्या म्हणजे काय, हे सोनाळ्यात कुणाला समजावून सांगावं लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. पण आता तिथल्याच सुना विचारतात, तेव्हा सांगून टाकते. दुधात भिजवलेला रवा मऊ होईस्तोवर कुटायचा. त्याची तुरीच्या दाण्याएवढी चिमूट घ्यायची, कोऱ्या लाकडी फणीच्या दातांवर ठेवायची आणि अंगठ्याने दाबत पुढे सरकवायची. कडा आत वळते, पाठीवर रेघा उठतात, मधे पोकळी राहते. त्या सावलीत वाळवायच्या आणि लग्नाच्या पंगतीला दुधात शिजवून त्यांची खीर करायची. आमच्या गावात कुठल्याही घरी लग्न निघालं की मायला बोलावणं यायचं. ती जायची, दुसऱ्या बायकांनी वळलेल्या फणोल्या सुपात हलवून बघायची आणि म्हणायची, "हात बसेल नाही." म्हणजे हात अजून बसलेला नाही, बस्स. एवढ्या दोन-तीन शब्दांवर गावातल्या निम्म्या बायकांनी तिच्याशी अबोला धरला होता.

त्या फणोल्या मी पुण्याच्या होस्टेलवर नेल्या. माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीनं डब्यात डोकावून विचारलं, "हे काय गं, अळ्या आहेत का?" मी "नाही" म्हटलं आणि डबा कॉटखाली सरकवला. ही मुलगी पुढे माझ्याच भागात राहायला आली, हे आमचं नशीब. आता ती शिंपल्याच्या आकाराचा पास्ता काचेच्या बरणीत भरून ओट्यावर ठेवते, मागून पिवळा दिवा लावते आणि फोटो काढते. तीच रेघांची पाठ, तीच आत वळलेली कडा, तीच पोकळी. पण तो बोटीतून आला म्हणून त्याला बरणी, आणि आमच्या फणोल्या एसटीतून आल्या म्हणून त्या कॉटखाली.

तुम्ही जे गावात राहिलात, तुम्हाला वाटतं की शहरात गेलेली माणसं काहीतरी मोठं शिकतात. काय शिकलो ते ऐका. पास्ता शिजवायला शिकलो. आमच्या सोसायटीत एक बाई आहेत, त्या रविवारी तो शिकवतात, फुकट. पहिला धडा असा की पाणी समुद्राइतकं खारट हवं. मी खारपाणपट्ट्यातली बाई. संग्रामपूर तालुक्यातल्या विहिरींना ही कला जन्मतःच येते. त्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आमच्या बायका पिढ्यान् पिढ्या चुलीपुढे बसून रडल्या, आणि इथे त्याच चवीसाठी मूठभर मीठ ओततात. दुसरा धडा असा की पास्ता पुरता शिजवायचाच नाही. दाताला लागला पाहिजे. त्याला त्या 'अल देन्ते' म्हणतात. आमच्याकडे पंगतीत असं अन्न वाढलं असतं तर त्याला कच्चं म्हटलं असतं आणि आचाऱ्याला जाब विचारला असता. तिसरा धडा पांढऱ्या सॉसचा. मैदा, लोणी, दूध. लेकराला ताप आला की जी लापशी करतो तिच्यात साखर विसरायची आणि वरून मिरपूड टाकायची, झाला सॉस. शिंपल्याचाच आकार का घ्यायचा, तर त्या म्हणतात, सॉस आत साठतो. साठू नये असा सॉस आत साठवण्यासाठी केवढी ही सोय!

आणि मी हे सगळं केलं. खोटं कशाला बोलू. माझ्याही ओट्यावर बांबूच्या झाकणाची बरणी आली. माझी लेक ईशा पास्त्यावरच वाढली म्हटलं तरी चालेल. नवरा आमच्याच जिल्ह्यातल्या बीबी गावचा, तो पहिल्यांदा खाऊन म्हणाला, "भाकरी आहे का?" पुढे पुढे तोही काट्यानं एकेक शिंपला टोचून खायला शिकला. माणूस कशालाही सरावतो, हे काही कौतुक करण्यासारखं नाही.

गावात राहिलेल्यांनी लगेच हसू नये. गेल्या वर्षी वरवट बकालला आमच्या नात्यातलं लग्न होतं, मंगल कार्यालयात. मी मुद्दाम लवकर गेले, फणोल्यांची खीर मिळेल म्हणून. खीर नव्हती. रुखवतात काचेच्या पेटीत फणोल्या, गव्हले, नखुले मांडले होते, त्यांना सोनेरी रंग फासला होता, म्हणजे खाण्याचा प्रश्नच मिटला. आणि मंडपाच्या कोपऱ्यात पास्त्याचा काउंटर लागला होता. पांढरी उंच टोपी घातलेला एक बुवा तव्यावर शिंपले परतत होता आणि लुगड्यातल्या म्हाताऱ्या कागदी वाट्या धरून रांगेत उभ्या होत्या. यजमान मला म्हणाले, "तुमच्या पुन्यासारखं केलं." मी म्हटलं, "दिसलं." मायनं त्या काउंटरकडे पाठ फिरवून वरण-भात खाल्ला आणि रुखवताजवळ जाऊन काचेतून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "रंगानं झाकलं. पन हात बसेल नाही."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माय पडली. बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, ती सोनाळ्याला एकटीच राहत होती. अंगणात धुणं वाळत घालताना पाय घसरला, मनगट मोडलं, कमरेला मार बसला. उठता येईना. शेजारीण विरजण मागायला आली तेव्हा कळलं. तोवर ती भर उन्हात तशीच पडून होती. मी पोचले तेव्हा हात प्लास्टरमध्ये घालून खाटेवर बसलेली, आणि पहिलं वाक्य काय, तर "धुनं कोनं उचललं?" डॉक्टर म्हणाले, आता यांना एकटं ठेवू नका.  मायला सोनाळ्यातून हलवणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं.

माझा धाकटा भाऊ राजू जर्मनीत असतो. तोही आला, ते त्याचं मोठं मन. त्याच्याबरोबर एक भलीमोठी बॅग होती. आईला बघायला आलेला मुलगा काय आणेल? काठी आणेल, औषध आणेल, निदान गरम पांघरूण. त्यानं बॅग उघडली तर आत पुडेच पुडे. शिंपल्यांचा पास्ता! लहान शिंपले, मोठे शिंपले, हिरवे, तांबडे. "खास इटालियन आहे," म्हणाला. ज्या घरच्या पाटावर बसून त्याच्या आईनं अख्ख्या गावासाठी फणोल्या वळल्या, त्या घरी हा पठ्ठ्या सात समुद्र ओलांडून वाळवण घेऊन आला. मायनं त्याला एक पुडा फोडायला लावला. थोडे शिंपले चांगल्या हाताच्या तळव्यावर घेतले, खिडकीजवळ धरून उलटेपालटे केले.

"हे कोनं केले रे?"

"मशीननं, माय."

"हाव. तरीच. एकबी वाकडं नाही." आणि तिनं ते पुन्हा पुड्यात टाकले, जसा दुकानदाराचा माल न आवडल्यावर परत करतात तसे. राजू मला बाहेर नेऊन म्हणाला, "ताई, तूच ने तिला. मी ऑनलाइन आहेच." तो ऑनलाइन आहे, हे खरं आहे. तिथून तो 'माती, माय आणि मी' असं काहीबाही लिहितो आणि आपलेच लोक खाली हात जोडतात. तुमच्यापैकी कुणी जोडले असतील तर मला सांगू नका.

माय आली, पण कशी? "पाहुनी म्हनून येतो. दिवाई झाली का जाईन." एक पत्र्याची पेटी बरोबर घेतली. त्यात लुगडी, एक शाल, देवाचा टाक, बाबांचा चष्मा, गुडघ्यांना चोळायची एरंडेलाची बाटली. पुण्याच्या घरी ईशानं तिच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते, त्यात कागद अंथरला होता. मायनं ते बघितले आणि पेटी पलंगाखाली सरकवली. रोज सकाळी ती पेटी ओढायची, कुलूप काढायचं, एक लुगडं घ्यायचं, कुलूप लावायचं, किल्ली कमरेला. धुतलेलं लुगडं वाळलं की पुन्हा पेटीत. कपाटाचे ते कप्पे तसेच रिकामे. मी येताजाता बघायची आणि चिडायची. बाई जायच्या तयारीतच बसली होती. जाणार म्हणजे कुठे, तर त्याच अंगणात, जिथे पडली तर विरजण संपण्याची वाट बघत पडून राहायचं. मला झोप लागायची नाही. तिला ते कळत होतं, पण ती विचारायची, "शेगावची गाडी कवा असते वं नंदे?"

दुसरं म्हणजे ती स्वयंपाकघरात हात लावायची नाही. आमच्याकडे एक रीत आहे, ती पुण्यातल्या कुणाला पटणार नाही. दुसऱ्या बाईच्या घरी गेलं तर तिच्या चुलीशी बसावं, भाजी चिरून द्यावी, भांडी घासावी, पण तिच्या कोठीत, डब्यात, साठवणीत हात घालू नये. मीठसुद्धा मागून घ्यावं. साठवणीवर हात एकीचाच असतो, जिचं घर तिचा. माय सोनाळ्याला स्वतःच्या सख्ख्या बहिणीकडे गेली तरी गहू काढायला तिलाच उठवायची. तीच रीत तिनं लेकीच्या घरी चालवली. मी ऑफिसला गेल्यावर भूक लागली तर पोहे समोर बरणीत दिसत असायचे, पण ही मी येईपर्यंत तशीच बसायची. मी ओरडले, "अगं तुझंच घर आहे." ती म्हणाली, "तुह्यं हाय. मी पाहुनी." इतक्या शांतपणे म्हणाली की मला भांडणही करता येईना.

एका रविवारी ईशानं आजीसाठी हौसेनं पास्ता केला. राजूमामानं आणलेले मोठे शिंपले, पांढरा सॉस, वर चीज. मायनं एक शिंपला उचलला, आत बघितलं, ताटलीच्या कडेला उपडा केला, सॉस सांडला, मग शिंपला तोंडात टाकला. बराच वेळ चावला. "शिजेल नाही," म्हणाली. ईशा म्हणाली, "आजी, असाच खातात." माय म्हणाली, "खात असन. मंग दात त्यायचे असन." तिनं ताटलीतले सगळे शिंपले एकेक करून उपडे केले, सॉसचा ढीग बाजूला केला आणि शिंपले खाल्ले, कारण अन्न टाकायचं नसतं. ईशा हसत होती. मी हसले नाही. मला त्या म्हातारीच्या अहंकाराचा राग आला होता आणि मनातून तिचं म्हणणं पटलंही होतं, आणि या दोन गोष्टी एकाच वेळी सोसायला फार त्रास होतो.

पावसाळा झाला. पुण्याचा पावसाळा म्हणजे सगळ्या घराला चिकट दमटपणा. नवरात्र सरलं आणि एक दिवस सकाळी ऑफिसच्या घाईत मी ओट्यावरची काचेची बरणी उचलली, तर शिंपले चालत होते. नीट बघितलं. टोके झाले होते, धान्यात होतात ते किडे. शिंपल्याच्या आकाराचा खरा फायदा मला त्या दिवशी कळला, टोक्यांना राहायला आयतं घर मिळतं. एकेका खोलीत एकेक बिऱ्हाड, वर काचेची भिंत, मागून पिवळा दिवा. शेल्फवरचे फोडलेले पुडे बघितले, त्यांतही तेच, वर जाळी. मी ती बरणी आणि सगळे पुडे ओट्यावर काढून ठेवले आणि मायला म्हटलं, "कामवाली आली की हे सगळं फेकून द्यायला सांग." माय खुर्चीत बसली होती. "सगळं?" म्हणाली. "हो, सगळं. न फोडलेलं पण. मला हा कचरा नको घरात." आणि मी गेले.

दिवसभर कामात होते. संध्याकाळी कुलूप उघडून आत शिरले आणि वासानं थबकले. लहानपणी पोट साफ करायला नाक दाबून पाजायचे, तो वास. एरंडेल! बाल्कनीत मायचं जुनं लुगडं अंथरलेलं. त्याच्या बाजूला माझी पिठाची चाळणी, सूप नव्हतं म्हणून घेतलेलं मोठं ताट आणि तळाला मेलेल्या टोक्यांचा थर. सोसायटीच्या बागेतला कडुलिंब ओरबाडून आणलेला, तो कोपऱ्यात सुकत पडलेला. ज्या बागेत फुलाला हात लावला तरी सूचनाफलकावर नाव लागतं, तिथून. आणि शिंपले कुठेच नव्हते.

"माय, हे काय केलंस?"

"उन्ह दाखवलं. चाळलं. एरंडी चोळली." ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, दोन्ही हात कोपरापर्यंत तेलकट, मोडलेलासुद्धा. "फेकून देतं म्हने. अन्न हाय थे. वाईट हाय, पन अन्न हाय."

आता तुम्ही गावाकडचे, तुम्हाला यात चूक काय ते कळायचं नाही. आपल्याकडे वर्षाचा गहू भरायचा तर त्याला एरंडेल चोळतात, म्हणजे कीड धरत नाही. पण गहू दळला जातो, त्याची पोळी होते, वास उरत नाही. पास्त्याला एरंडेल चोळायचं, हे इटलीपासून जर्मनीपर्यंत कुणाच्या स्वप्नात आलं नसेल. एकूण एक शिंपला तिनं तेलात घोळला होता. न फोडलेले पुडेसुद्धा फोडले होते. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "आता हे कोण खाणार? याला सॉस चिकटणार आहे का?"

"नाई चिकटत? बरं झालं."

"माय, एरंडेल हे! सगळं घर संडासाच्या रांगेत बसेल!"

"धुवून घ्या लागते. गहू धूत नाही का?" तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं त्या बायकांच्या सुपाकडे बघायची. "येवढं शिकली, आन् साठवता येत नाही तुले. काचेत ठेवतं, उजेडात. टोके होईन नाही तं काय होईन?"

"बरं. आणि भरलंस कुठे? माझ्या डब्यात तर काही दिसत नाही."

ती वळली आणि आतल्या खोलीत गेली. मी मागोमाग. वाकता येत नव्हतं तिला नीट, म्हणून पायानं पलंगाखालची पेटी थोडी पुढे ओढली. कुलूप नव्हतं. मी झाकण उचललं. आत काठोकाठ शिंपले, हिरवे, तांबडे, पांढरे सगळे एकत्र, तेलानं चकाकणारे, मधे मधे कडुलिंबाच्या डहाळ्या, वर जुन्या लुगड्याचा तुकडा नीट खोचलेला. आमच्या घरी कोठी भरायची ती अशीच. वर्षाची बेगमी असायची ती.

मी पेटीकडे बघत राहिले. लुगडी कुठे, शाल कुठे, बाबांचा चष्मा कुठे. मी कपाट उघडलं. ईशानं अंथरलेल्या कागदावर घड्या लागल्या होत्या, आणि घड्या दोन कप्प्यांत मावल्या नव्हत्या म्हणून माझ्या ऑफिसच्या साड्या एका बाजूला ढकलून तिथेही दोन लुगडी घुसवली होती. वरच्या कप्प्यात टाक, त्याच्या शेजारी चष्मा. सगळ्यावर तेलकट बोटांचे ठसे.

 ज्या बाईनं कधी कुणाच्या मिठाला हात लावला नाही, तिनं माझी चाळणी घेतली, ताट घेतलं, पुडे फोडले, मला न विचारता साठवण केली. सरळ विचारायचा मला धीर झाला नाही, म्हणून वाकडं विचारलं.

"आणि दिवाळीला जाशील तेव्हा कशात कपडे नेशील?"

माय पलंगावर बसली. हाताचं तेल पदराला पुसलं. "कुटी जाऊ? हे तुह्या भरवशावर ठेवून जाऊ का? तू पुन्हा काचेत भरशीन." मग म्हणाली, "मोकयी पेटी पाह्यजे होती. बरन्या काई कामाच्या नाई तुह्या."

मी तिच्या शेजारी बसले आणि रडले. आयुष्यात पहिल्यांदा पास्त्यासाठी रडले, ही गोष्ट राजूला कळवलेली नाही, तो त्यावर लिहील. माय म्हणाली, "रडून काऊन राह्यली? खराब नाही होत आता वर्षभर."

त्या रात्रीच्या जेवणाला मूठभर शिंपले काढले. गरम पाण्यानं धुतले, पुन्हा धुतले, मग मायनं तुरीच्या वरणात सोडले. चकोल्या, म्हणजे वरणफळं, करतो तसे, लसणाची फोडणी, वरून तिखट. पुरते शिजेपर्यंत शिजवले. शिंपल्यात वरण साठलं. वास थोडा राहिलाच होता, तो राहतोच. नवऱ्यानं दोनदा घेतलं आणि ईशानं नाक मुरडत का होईना, ताट पुसलं. माय मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली, "चव नाही याले. हातानं केलं नाही म्हनून." पुढच्या उन्हाळ्यात तिला एक कोरी लाकडी फणी हवी आहे. पुण्यात मी सगळीकडे विचारलं, प्लास्टिकच्या मिळतात. शेगावहून कुणी येत असेल तर आणा.

सोनाळ्याच्या घराला कुलूप आहे. तुमच्यापैकी काहीजण त्याचे फोटो काढून पाठवता आणि खाली लिहिता की ओसरी रडते आहे. पाठवू नका. ओसरी रडत नाही, तिला वाळवी लागते आहे, आणि ती झाडायला तुमच्यापैकी कुणी जात नाही. बाहेर गेलेले आपण सगळे एकत्र जमलो की घर म्हणजे काय यावर डोळे पुसत बोलतो आणि मग हॉटेलात जाऊन अर्धकच्चा पास्ता मागवतो. मला त्या बोलण्याचा वीट आला आहे. मी आता जमायला जात नाही.

कपाटात मायची लुगडी आणि माझ्या साड्या एकमेकींना खेटून आहेत. तो वास माझ्या सगळ्या कपड्यांना लागला आहे, कितीही धुतलं तरी जात नाही. ऑफिसात लिफ्टमध्ये लोक नाक वर करतात. परवा शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शेवटी विचारलंच, कसला गं हा वास? मी म्हटलं, घरचा आहे.